टोलचा रस्ता की फुकटचा? ऐकीव समज आणि हिशेब

पनवेल-उलवे भागातून दक्षिण मुंबईत रोज कामाला जाणाऱ्या मोटारचालकापुढे दोन वाटा असतात. एक अटल सेतूची. १२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन झालेला हा पूल २१.८ किलोमीटर लांबीचा असून मोटारीला एका फेरीचा टोल २५० रुपये आहे. दुसरी वाट जुनी, सायन-पनवेल महामार्गाने वाशीच्या खाडीपुलावरून जाणारी. तिच्यावर मोटारींना आता टोल नाही. पैसे मोजले की वेळ वाचतो आणि वेळ घालवला की पैसे वाचतात, एवढा सरळ हा मामला वाटतो. पण रोजच्या प्रवासात ही निवड बहुतेकदा ऐकीव माहितीवर होते आणि त्यातली बरीच चुकीची असते.

‘मुंबईचा टोल गेला’ हे वाक्य त्यातले पहिले. १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून दहिसर, मुलुंडचे दोन, ऐरोली आणि वाशी अशा पाच प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना माफी मिळाली. जड वाहनांचा टोल कायम राहिला. अटल सेतू आणि वांद्रे-वरळी सागरी सेतू या माफीत कधीच नव्हते. सागरी किनारा मार्गावर टोल नाही, हे खरे. पण त्याच मार्गाने पुढे सागरी सेतूवर चढले की टोल भरावा लागतो.

टोलचा रस्ता नेहमीच लवकर पोहोचवतो, हा समज जास्त महागात पडतो. सेतूवर मोटारींना ताशी १०० किलोमीटर वेगमर्यादा आहे आणि सिग्नल एकही नाही. मात्र हिशेब धरायचा तो घराच्या दारापासून कचेरीच्या दारापर्यंत. सेतू मुंबईत शिवडीला उतरतो. तिथून फोर्टकडे जाणाऱ्याला पूर्व मुक्त मार्ग मिळतो आणि त्यावर टोल नाही, त्यामुळे त्याचा फायदा उघड आहे. वरळीला जाणाऱ्याचे तसे नाही. सेतू खुला झाला तेव्हा शिवडी-वरळी उन्नत मार्ग अपुराच होता आणि समुद्रावर वाचवलेली मिनिटे शहरातल्या रस्त्यांवर खर्ची पडत. चेंबूर किंवा सायनला कचेरी असलेल्याने शिवडीला उतरून पुन्हा उत्तरेकडे वळायचे, हे तर नकाशा पाहिला तरी पटत नाही. वाशी-सानपाड्यात राहणाऱ्याला सेतू गाठण्यासाठी आधी दक्षिणेला उलव्यापर्यंत जावे लागते. त्याच्यासाठी फुकटची वाट हीच जवळची वाट आहे.

अर्थात, टोल देऊन केवळ मिनिटे विकत मिळत नाहीत, भरवसाही मिळतो. खाडीपुलावरून एखाद्या दिवशी लागणारा वेळ दुसऱ्या दिवशीच्या दीडपट असू शकतो, म्हणून हजेरीची वेळ पक्की असलेला माणूस रोज जास्तीचा वेळ हाताशी धरूनच निघतो. सरासरी वेळांची तुलना करताना हा राखून ठेवलेला वेळ कोणी मोजत नाही.

वाचलेल्या पेट्रोलमध्ये टोल भरून निघतो, असेही सांगितले जाते. समजा सेतूमुळे १५ किलोमीटर वाचले आणि गाडीचे ॲव्हरेज १५ चे आहे, तर एक लिटर पेट्रोल वाचले. त्याची किंमत २५० रुपयांच्या निम्मीही होत नाही. शिवाय ताशी ७० ऐवजी १०० ने गाडी चालवली की हवेचा विरोध साधारण दुप्पट होतो, म्हणजे बचतीतला काही भाग वेगच खाऊन टाकतो. थांबत-थांबत चालणाऱ्या वाहतुकीतही पेट्रोल जास्त जळते, हे खरे. तरीही टोलची बहुतेक रक्कम ही वेळेचीच किंमत असते आणि ती तशीच मोजणे बरे.

सर्वात ठाम गैरसमज पासचा. रोज जायचे म्हणजे मासिक पास स्वस्त, असे गृहीत धरले जाते. अटल सेतूचे मोटारीचे दर पाहा: एक फेरी २५०, जाऊन-येऊन ३७५, मासिक पास १२,५०० रुपये. महिन्यात २२ दिवस कामाला जाणाऱ्याचे परतीच्या दराने ८,२५० रुपये होतात. तीसही दिवस सेतू ओलांडला तरी ११,२५० च. दिवसातून एकदा जाऊन येणाऱ्याला हा पास कोणत्याच महिन्यात परवडत नाही. दिवसभरात अनेक खेपा करणाऱ्यालाच तो उपयोगी.

राष्ट्रीय महामार्गांचे गणित वेगळे आहे. तिथे २००८ च्या शुल्क नियमांनुसार २४ तासांत परतल्यास दीडपट शुल्क पडते आणि मासिक पास ५० फेऱ्यांच्या दोन-तृतीयांश रकमेत मिळतो. म्हणजे महिन्याला २२ दिवस ये-जा केली की दोन्ही खर्च जवळपास सारखे होतात. ‘बारा तासांत परतलात तर परतीचा टोल माफ’ हा मोबाइलवर फिरणारा संदेश या नियमांत कुठेच बसत नाही.

१५ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रीय महामार्गांसाठी फास्टॅगचा वार्षिक पास सुरू झाला. तेव्हा त्याची किंमत ३,००० रुपये होती आणि मुदत एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, यांपैकी जे आधी संपेल ते. पुणे-सातारा रस्त्यावरच्या खेड-शिवापूर नाक्यावर तो चालतो. अटल सेतू, सागरी सेतू, समृद्धी आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग राज्याच्या यंत्रणांकडे असल्याने तिथे चालत नाही. नाका ओलांडून परत येणे म्हणजे दोन फेऱ्या. त्यामुळे रोज एकच नाका ओलांडणाऱ्याचा ‘वार्षिक’ पास कामाच्या १०० दिवसांत, म्हणजे साडेचार महिन्यांत संपतो. तरीही त्या किमतीत फेरीला पडणारा १५ रुपये हा दर स्वस्तच म्हणायचा.

नाक्यापासून २० किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना टोल माफ असतो, यात अर्धेच सत्य आहे. नियमात माफी नसून सवलतीचा मासिक पास आहे. तो फक्त बिगरव्यावसायिक वाहनांना मिळतो, आणि सर्व्हिस रोड किंवा पर्यायी रस्ता उपलब्ध असेल तर तोही नाकारता येतो. सप्टेंबर २०२४ मध्ये नियमांत दुरुस्ती होऊन उपग्रहाधारित टोलयंत्र बसवलेल्या वाहनांना दिवसाचे पहिले २० किलोमीटर विनाशुल्क ठेवण्याची तरतूद आली. ‘२० किलोमीटर’ हा आकडा दोन्हीकडे असल्याने गोंधळ वाढला आणि नाक्यानाक्यावर त्यावरून वाद झडतात.

जुना रस्ता फुकटच असतो, असेही नाही. द्रुतगती मार्गाचे ३२० रुपये वाचवायला जुन्या मुंबई-पुणे महामार्गाने निघालेल्या मोटारीला वरसोली आणि सोमाटणे इथे टोलनाके लागतात.

दुचाकींना राष्ट्रीय महामार्गांवर टोल नाही. तो लागू होणार अशी बातमी जून २०२५ मध्ये पसरली होती, केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी ती लगेच फेटाळली. अटल सेतू आणि द्रुतगती मार्गावर तर दुचाकींना प्रवेशच नाही.

इलेक्ट्रिक मोटारींना राज्याच्या धोरणानुसार ऑगस्ट २०२५ पासून अटल सेतूवर टोलमाफी लागू झाली. द्रुतगती आणि समृद्धी हे दोन मार्गही या धोरणात आहेत. मात्र ही माफी राज्याच्या मार्गांपुरती आहे. राष्ट्रीय महामार्गाच्या नाक्यावर इलेक्ट्रिक मोटारीला पेट्रोलच्या मोटारीइतकाच टोल पडतो.