रोशाची भट्टी आणि सागाची वखार
(डोंगरकडेची गावे : लेखांक नववा)

तळोद्याच्या लाकूडबाजारातील व्यवहाराची पद्धत या लेखांकात सांगण्याचे मागील आठवड्यात ठरले होते. परंतु सोयगाव तालुक्यातील एका वाचकाच्या प्रश्नामुळे तो विषय आठवडाभर पुढे ढकलणे भाग आहे. अजिंठ्याच्या डोंगरउतारावर पावसाळा सरताना जे सुवासिक गवत फुलोऱ्यावर येते, तेच पश्चिम खानदेशातील तेलाचे गवत काय, आणि तसे असेल तर तेथील गावांतून निघणारे तेल अखेर जात कोठे होते, असा तो प्रश्न आहे. पहिल्या भागाचे उत्तर ‘होय’ एवढेच आहे. दुसऱ्याचे उत्तर मात्र कोंडाईबारीचा घाट उतरून सुरत, मुंबई आणि तांबडा समुद्र असे करीत इस्तंबूलपर्यंत पोहोचते.

या गवताला रोशा, रोहिष किंवा तिखाडी म्हणतात. त्याचे पान चुरगळले असता गुलाबाशी नाते सांगणारा, किंचित तिखट वास येतो. तेल पानांत असते आणि त्याहून अधिक फुलोऱ्यात असते, दांड्यात मात्र ते नावापुरतेच सापडते. त्याच्या शास्त्रीय नावातील ‘मार्टिनी’ हा भाग क्लॉड मार्टिन या फ्रेंच सेनाधिकाऱ्यावरून आला आहे. लखनौच्या ‘ला मार्टिनियर’ या शाळेमागे ज्याची संपत्ती उभी आहे, तोच हा मार्टिन. टिपू सुलतानाशी झालेल्या युद्धाच्या काळात बालाघाट प्रदेशात त्याला हे गवत आढळले, आणि ते खाणाऱ्या गुरांच्या दुधालोण्यालाही त्याचा वास येतो हे पाहून त्याने बी जमवून लखनौला लावले. पुढे ते कलकत्त्याला रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञाकडे पोहोचले. येथे बालाघाट म्हणजे दक्षिणेकडील घाटमाथ्याचा मुलूख; बीड जिल्ह्यातील बालाघाटाच्या रांगेशी त्याची गल्लत करू नये, कारण मराठवाड्यात ती गल्लत वारंवार होते.

१८८० साली प्रसिद्ध झालेल्या खानदेश गॅझेटियरमध्ये, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारी माहितीग्रंथात, या गवताच्या दोन अवस्था सांगितल्या आहेत : कोवळेपणी निळसर-पांढरे दिसते तेव्हा ‘मोतिया’ आणि पिकून तांबूस होते तेव्हा ‘सोफिया’. भट्टीवाल्यांचीही तशीच समजूत असावी. विसाव्या शतकाच्या आरंभी झालेल्या अभ्यासानंतर मात्र हे एकाच जातीचे दोन स्वतंत्र प्रकार मानले गेले. मोतिया उघड्या, कोरड्या, निचऱ्याच्या उतारावर वाढते, तर सोफिया अधिक दाट आणि ओलसर जागी आढळते. उभ्या रानात ते ओळखणे अवघड असले तरी तेलात फरक लगेच कळतो, कारण मोतियाचे तेल गोड व गुलाबी वासाचे असते आणि सोफियाचे उग्र व हलक्या किमतीचे.

या तेलाच्या भट्ट्या पिंपळनेर, नवापूर, नंदुरबार आणि तळोदे या पट्ट्यातील लहान गावांच्या शिवारात लागत. त्या काळचे पिंपळनेर तालुक्याचे ठाणे असले तरी त्याच्या भोवतीच्या वस्त्या मूठभर झोपड्यांच्याच होत्या. भट्टीवाले बहुधा मुसलमान असत. पावसाळ्याच्या सुरुवातीला ते भिल्ल आणि कुणबी कुटुंबांना थोडी रक्कम आगाऊ देत, आणि त्या बदल्यात पुढे गवताच्या पेंढ्या घेत. गवत तयार होताच, साधारण सप्टेंबरात, ओढ्याच्या काठी लाकूड आणि पाणी दोन्ही हाताशी असेल अशी जागा पाहून चर खोदला जाई आणि त्यावर तांब्याची किंवा लोखंडाची मोठी देग चढे. देगीत पाणी घालून ती चिरलेल्या गवताने काठोकाठ दाबून भरत व झाकण गव्हाच्या कणकेने लिंपून पक्के करत. झाकणाच्या भोकातून निघालेली, चिंध्या गुंडाळून कणीक थापलेली वेळूची नळी दुसऱ्या बंद भांड्यात जाई आणि हे दुसरे भांडे वाहत्या ओढ्यात गळ्यापर्यंत बुडवलेले असे. गवतातून निघालेली वाफ तेथे थंड होऊन पाणी व तेल एकत्र जमा होई; ते निमुळत्या बुडाच्या तिसऱ्या भांड्यात ओतले की पाणी खाली राही आणि वर तरंगणारे तेल पळीने काढून घेता येई. ऊर्ध्वपातन, म्हणजे द्रवाची वाफ करून ती पुन्हा थंड करण्याची क्रिया, प्रयोगशाळेत शिकवतात ती हीच. फरक एवढाच की येथे थंड करणारे यंत्र म्हणजे डोंगरातला ओढा होता, आणि म्हणूनच ओढा आटला की हंगाम संपे.

मागील लेखांकांत सागाबद्दल जे आले आहे त्याच्याशी या भट्टीचा संबंध येथेच जुळतो. तळोदे हा त्या काळी खानदेशातील सर्वांत मोठा लाकूडबाजार होता. तेथे सातपुड्यातील लाकूड उतरे, सुमारे ४० रुपयांना मिळणाऱ्या तेथील बैलगाड्या खानदेशात उत्तम मानल्या जात, आणि त्याच पेठेत रोशाचे तेलही विकले जाई. एकाच गावाच्या शिवारातून तेल आणि लाकूड दोन्ही निघत, ही योगायोगाची गोष्ट नव्हती. मोतियाला ऊन लागते. सागाचे छत्र दाट झाले की ती मागे हटते, आणि कुऱ्हाडीने उतार विरळ केला की पुन्हा पसरते. सागाच्या खुंटाला फुटवे येत असल्याने तोडलेले रान मरत नाही, परंतु फुटवे मोठे होईपर्यंतची काही वर्षे गवताची असतात. त्याच गवताचे वाळके बुंधे उन्हाळ्यात वणव्याला वाट करून देतात. शिवाय देगीखाली दिवसभर जळण लागे. हे जळण रानातून फुकट येई, म्हणून तेलाच्या किमतीत त्याचा हिशेब कधीच धरला गेला नाही. या व्यवसायाच्या जुन्या वर्णनांतील हीच सर्वांत मोठी उणीव मानावी लागते. १८७८ च्या वन कायद्यानंतर रान राखीव होत गेले तशी गवत कापण्याची आणि जळण घेण्याची मोकळीक आकसत गेली. कायद्याच्या भाषेत इमारती लाकूड मुख्य वनोपज ठरले आणि रोशा गौण.

तयार तेल चामड्याच्या बुधल्यांत भरून बैलांच्या पाठीवर कोंडाईबारीच्या वाटेने सुरतेकडे जाई, किंवा धुळे-मनमाडमार्गे मुंबईस पोहोचे. गावात त्याचा उपयोग संधिवातावर चोळण्यापुरता होता. मुंबईहून ते तांबड्या समुद्रावरील बंदरांत उतरे आणि अरबस्तानातून तुर्कस्तानात जाई. तेथे लिंबाचा रस घातलेल्या पाण्याबरोबर घुसळून आणि उथळ भांड्यांत उन्हात ठेवून त्याचा रंग व उग्रपणा कमी करत, आणि मग गुलाबाच्या अत्तरात त्याची भेसळ होई. आजच्या बल्गेरियातील काझानलूक खोऱ्यात तर ऊर्ध्वपातनापूर्वी गुलाबपाकळ्यांवरच ते शिंपडण्याची चलाखी होती. युरोपच्या व्यापारात त्याला ‘तुर्की जिरेनियम तेल’ हे नाव पडले, जरी त्यात ना तुर्कस्तानचे काही होते ना जिरेनियमचे. वाटेतल्या व्यापाऱ्यांनाही सोवळे समजण्याचे कारण नाही, कारण रोशाच्या तेलातच टर्पेंटाइन किंवा साधे गोडे तेल मिसळलेले असे. म्हणजे गुलाबाच्या अत्तरातील भेसळीतही भेसळ होती.

ही भेसळ सहज खपे, कारण दोन्ही तेलांचा एक मुख्य घटक समान आहे. १८७१ साली ऑस्कर याकोबसेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने या गवताच्या तेलातूनच एक सुगंधी अल्कोहोल वेगळे केले आणि त्याला जिरॅनिऑल हे नाव मिळाले. मोतियाच्या चांगल्या तेलात त्याचे प्रमाण पाऊण हिश्शाहून अधिक असते, आणि गुलाबाच्या तेलातही ते असतेच. पुढे कारखान्यांत जिरॅनिऑल कृत्रिमरीत्या तयार होऊ लागले, तेव्हा रानातल्या भट्टीचा आधार खचला. रोशा शेतात गेला. लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने ‘तृष्णा’, ‘तृप्ता’ अशी त्याची वाणे दिली आहेत, आणि आता शेतकरी पोलादी टाकीत वाफ सोडून तेल काढतात.

अजिंठ्याच्या रांगेचा दक्षिण उतार १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात आणि उत्तर उताराचा बराच भाग इंग्रजी खानदेशात असल्यामुळे, याच रांगेतील गौताळ्याच्या एकाच डोंगरावरच्या रानाची दप्तरे दोन राजवटींत विभागली गेली. म्हणून कन्नड, सोयगाव किंवा चाळीसगावकडील कोणाच्या घरी रोशाची जुनी देग, तिची वेळूची नळी किंवा आगाऊ रकमेची नोंद असलेली वही असेल, तर तिचे माप किंवा मजकूर लेखमालेकडे कळवावा. तळोद्याचा लाकूडबाजार पुढील आठवड्यात येईल.