गोदावरीतून जहाज का जात नाही?

क्रांती चौकातून निघालेला पर्यटक पन्नासेक किलोमीटरवरील पैठणला नाथसागराच्या काठी पोहोचतो, तेव्हा समोर नजर पोहोचेल तिथवर पाणीच असते. गंगेवर लहान जहाजांतून पर्यटक हिंडतात, मग गोदावरीत का नाही, हा प्रश्न तेथे सहज मनात येतो. जानेवारी २०२३ मध्ये 'गंगा विलास' हे जहाज अवघ्या ३६ प्रवाशांच्या सोयीचे असूनही वाराणसीहून दिब्रुगडपर्यंतच्या ५१ दिवसांच्या, सुमारे ३२०० किलोमीटरच्या सफरीवर निघाले होते.

फरक नद्यांच्या स्वभावात आहे. गंगेला उन्हाळ्यात हिमालयातील बर्फाचे पाणी मिळते आणि ती गाळाच्या सपाट मैदानातून वाहते. गोदावरी सर्वस्वी पावसावर अवलंबून. आपल्या भागात तिचे पात्र काळ्या कातळाचे. श्रावणात दुथडी भरणारी नदी वैशाखात डोहांपुरती उरते. त्यात धरणांची भर. जायकवाडीचे २७ दरवाजे पाणी सोडण्यासाठी आहेत. जहाज वरच्या पातळीवरून खालच्या पातळीवर उतरविण्याची सोय तेथे नाही. खुद्द नाथसागर विस्ताराने मोठा, पण उथळ. शेतीला आणि शहरांना पाणी देता देता त्याचा काठ मागे सरकत जातो. शिवाय १९८६ पासून तो पक्षी अभयारण्य आहे.

तरीही या खोऱ्यात जहाजे आणण्याचा प्रयत्न एकदा झाला होता. वऱ्हाडचा कापूस वर्धा, प्राणहिता आणि गोदावरीमार्गे थेट पूर्व किनाऱ्यावर न्यावा, असे आर्थर कॉटन या इंग्रज अभियंत्याच्या मनात होते. वाटेत खडकांचे तीन मोठे अडथळे होते. त्यांतील एक आजच्या गडचिरोली जिल्ह्यात, प्राणहितेवरील देवलमरीजवळ. ते टाळण्यासाठी बंधारे व कालवे खोदण्यास प्रारंभही झाला. मात्र १८६७ मध्ये नागपूरला रेल्वे पोहोचली आणि १८७१ मध्ये काम सोडून देण्यात आले.

गोदावरीतील खरी नौकासफर आज आंध्रात, पापिकोंडालूच्या डोंगरघळीत आहे. तीही निर्धोक नाही. १५ सप्टेंबर २०१९ रोजी नदी पुरात असताना कच्चुलुरूजवळ पर्यटकांची नौका उलटून अनेकांचे प्राण गेले.

पैठणच्या वैभवाच्या काळातही नदी मालवाहतुकीची वाट नव्हती. पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात पैठण हे भडोच बंदरापासून वीस दिवसांच्या वाटेवर असल्याची नोंद आहे. बंदर पश्चिमेला, नदी पूर्वेला. पैठणचा माल बंदरावर जाई तो गाड्यांतून, आडरानातील वाटांनी.