लेथशिवाय कातकाम : ड्रिल मशीनची क्षमता, मर्यादा आणि येरवडा चरख्याचा धडा

सारांश :
लाकडाच्या गोलाकार वस्तू घडविण्यासाठी लेथ हे प्रस्थापित यंत्र होय. तथापि अनेक महाविद्यालयांच्या कर्मशाळांत लेथ नसतो; उभे ड्रिल मशीन मात्र बहुधा असते. या यंत्रावर लाकूडकाताई करता येईल काय, कोणत्या मर्यादेत करता येईल आणि त्यामागील भौतिक तत्त्वे कोणती, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. येरवडा चरख्याची मूठ व पुली घडविताना आलेल्या अनुभवाचा आधार त्यासाठी घेतला आहे. फिरत्या लाकडाला खालच्या टोकाशी दुसरा आधार दिल्याशिवाय हे काम करू नये, हा लेखाचा मुख्य निष्कर्ष आहे.

बीजसंज्ञा : कातकाम, ड्रिल मशीन, लेथ, येरवडा चरखा, कौशल्य शिक्षण

१. प्रस्तावना :
महाराष्ट्राला कातकामाची जुनी परंपरा लाभली आहे. पाळण्याचे खांब, पोळपाट-लाटणे, खेळणी अशा असंख्य वस्तू कातारी मंडळींनी घडविल्या. सावंतवाडीची लाकडी खेळणी व लाखकाम आजही प्रसिद्ध आहे. या सर्व कामाचा पाया एकच : लाकूड फिरते ठेवावयाचे आणि हत्यार स्थिर धरावयाचे. ड्रिल मशीनमध्ये याच्या नेमके उलट घडते. तेथे हत्यार फिरते व लाकूड स्थिर असते. मग ड्रिलच्या चकमध्ये बिटाऐवजी लाकूडच पकडले तर त्याचा लेथ होणार नाही काय, असा प्रश्न कोणत्याही चौकस विद्यार्थ्याला पडतो.

प्रस्तुत लेखकापुढे हा प्रश्न एका निमित्ताने आला. लेखक येरवडा परिसरातील एका महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवितो. गांधी जयंतीच्या प्रदर्शनासाठी विभागाला एक जुना पेटी चरखा भेट मिळाला. त्याची लाकडी मूठ चिरलेली होती आणि चातीवरील लहान पुली झिजलेली होती. कर्मशाळेत लेथ नव्हता, १३ मि.मी. क्षमतेचे एक बेंच ड्रिल मात्र होते.

हा प्रश्न केवळ एका मुठीपुरता मर्यादित नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ची अंमलबजावणी राज्यातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून सुरू झाली आणि व्यावसायिक कौशल्य अभ्यासक्रमांना श्रेयांक प्राप्त झाले. अभ्यासक्रम आले, परंतु त्यासोबत कर्मशाळा आल्याच असे नाही. अशा वेळी उपलब्ध यंत्रावर काम भागविण्याकडे कल होणे स्वाभाविक आहे. ते भागविणे कोठवर सुरक्षित आहे, हे शिक्षकाला ठाऊक असणे म्हणूनच आवश्यक ठरते.

२. उद्दिष्टे :
१) लेथ व ड्रिल मशीन यांच्या रचनेतील मूलभूत भेद स्पष्ट करणे.
२) ड्रिल मशीनवर लहान लाकूडकाताईची सुरक्षित पद्धत मांडणे.
३) या पद्धतीच्या मर्यादा निश्चित करणे.

३. येरवडा चरखा : पार्श्वभूमी
अखिल भारत चरखा संघाने १९२९ मध्ये सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे पारितोषिक जाहीर केले होते. त्यानंतर मे १९३० ते जानेवारी १९३१ या काळात गांधीजी येरवडा कारागृहात असताना त्यांनी लहान, सहज नेता येण्याजोग्या चरख्यावर प्रयोग केले. त्यातून रूढ झालेला, पेटीत मावणारा चरखा ‘येरवडा चक्र’ या नावाने ओळखला जाऊ लागला.

या चरख्यातील दोन गोष्टी प्रस्तुत विषयाशी निगडित आहेत. पहिली गोष्ट गतीची. पारंपरिक चरख्यातील एका मोठ्या चाकाऐवजी येथे दोन लहान चाके येतात. पहिले चाक दुसऱ्याच्या लहान पुलीला फिरविते आणि दुसरे चाक चातीला. उदाहरणार्थ, पहिल्या टप्प्यात गती पाचपट व दुसऱ्यात बारापट झाली, तर चाती एकूण साठपट वेगाने फिरेल. दोन्ही टप्प्यांचा गुणाकार होतो. दुसरी गोष्ट आधाराची. चातीवरील पुलीला दोरी सतत एका बाजूस ओढत असते. चाती वाकू नये म्हणून पुलीच्या दोन्ही बाजूंना तिला आधार दिलेला असतो. हाच दुसरा धडा पुढे ड्रिल मशीनवर निर्णायक ठरला.

४. लेथ आणि ड्रिल मशीन : रचनेतील भेद
लेथवर लाकूड आडवे फिरते. त्याचे एक टोक हेडस्टॉककडे व दुसरे टेलस्टॉककडे असते. हत्यार बाजूने लागत असल्यामुळे लाकडावर येणारा जोर आडवा असतो आणि तो पेलण्यासाठीच या यंत्राची बांधणी भक्कम केलेली असते. ड्रिल मशीनवर जोर प्रामुख्याने उभ्या दिशेने, म्हणजे बिटाच्या अक्षातून येतो. त्याची स्पिंडल खाली-वर सरकणाऱ्या नळीत बसविलेली असते. नळी जितकी बाहेर येते तितकी आडव्या जोराला ती अधिक हलते. शिवाय संपूर्ण यंत्र एकाच खांबावर तोललेले असते.

सर्वांत नाजूक जागा चकची आहे. लहान ड्रिल मशीनमध्ये चक बहुधा निमुळत्या दांड्यावर केवळ घर्षणाने बसलेला असतो. छिद्र पाडताना वर येणारा दाब त्याला अधिक घट्ट करतो. आडवा जोर आणि कंप मात्र त्याला सैल करतात. प्रस्तुत लेखकाच्या पहिल्याच प्रयत्नात हे प्रत्ययास आले. लाकडाचा तुकडा केवळ चकमध्ये धरून त्यास कानस लावली असता काही क्षणांतच चक लाकडासह निसटून टेबलावर आदळला. कोणालाही इजा झाली नाही. परंतु ती झाली नाही याचे श्रेय दक्षतेला नव्हे, योगायोगाला द्यावे लागेल. हाच प्रयोग विद्यार्थ्यांसमोर केला असता तर काय घडले असते, या विचारातून पुढील मांडणी आकारास आली.

५. दुसऱ्या आधाराचे महत्त्व
एका टोकाला घट्ट धरलेल्या दांडीच्या मोकळ्या टोकावर जोर दिला असता ती जितकी वाकते, त्याच्या एक-षोडशांश इतकीच ती दोन्ही टोकांना टेकवून मध्यभागी तेवढाच जोर दिला असता वाकते. पदवीच्या पहिल्या वर्षी शिकविले जाणारे हे सूत्र येथे प्रत्यक्षात उतरते. तसेच एका बाजूने धरलेल्या दांडीची लांबी दुप्पट केल्यास तिचे वाकणे आठपट होते.

चकवर येणाऱ्या ताणाचाही विचार करू. चकपासून १५० मि.मी. खाली ५० न्यूटन एवढा आडवा जोर लागल्यास आधार नसलेल्या लाकडामुळे चकच्या तोंडाशी ७.५ न्यूटन-मीटर एवढे वाकविणारे आघूर्ण येते. खालच्या टोकाला आधार असेल तर तेथे लागणारा जोर तो आधारच पेलतो. याशिवाय खालून मिळणारा दाब चकला त्याच्या निमुळत्या बैठकीत दाबून ठेवतो. एकाच आधाराने वाकणे आणि निसटणे असे दोन्ही धोके कमी होतात.

६. प्रत्यक्ष पद्धती
अ) खालचा आधार : सुमारे ४० मि.मी. जाडीची सपाट फळी टेबलावर दोन शिकंज्यांनी घट्ट आवळावी. नंतर टेबल वा फळी न हलविता त्याच मशीनने फळीत प्रथम ६०८ क्रमांकाचे बेअरिंग बसेल असे २२ मि.मी. व्यासाचे उथळ भोक आणि त्याच्या मध्यातून १४ मि.मी.चे आरपार भोक पाडावे. भोक मशीननेच पाडल्यामुळे ते आपोआप स्पिंडलच्या अक्षाखाली येते. वेगळे मोजमाप लागत नाही. आरपार भोकामुळे बेअरिंगचे फक्त बाहेरील कडे फळीवर टेकते व आतील कडे मोकळे फिरते. बेअरिंगमध्ये टोक काढलेला ८ मि.मी.चा बोल्ट बसवावा व त्यावरील नट आतील कड्यावर टेकेल असे पाहावे.

आ) वरची पकड : लाकडाच्या एका टोकाच्या मध्यात भोक पाडून डोके कापलेला कोच स्क्रू घट्ट बसवावा व त्याचा गुळगुळीत भाग चकमध्ये धरावा. वरून पाहता ड्रिल मशीन घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरते. त्यामुळे हत्याराच्या विरोधाने स्क्रू सुटत नाही, उलट अधिक आवळला जातो. दुसऱ्या टोकाच्या मध्यावर खालच्या बोल्टचे टोक रुतवून स्पिंडल खाली दाबावी व त्या स्थितीत तिला अडकवून ठेवावे. ज्या मशीनला अशी सोय नाही तेथे हे काम करू नये.

इ) लाकडाची पूर्वतयारी : चौरस तुकडा थेट न लावता रंध्याने त्याचे कोपरे काढून अष्टकोनी करावा. २०० ग्रॅमचा तुकडा मध्यापासून केवळ १ मि.मी. सरकला असेल तर मिनिटाला १००० फेऱ्यांना सुमारे २.२ न्यूटन केंद्रोत्सारी जोर निर्माण होतो; ३००० फेऱ्यांना तो नऊपट, म्हणजे सुमारे २० न्यूटन होतो. गाठ वा चीर असलेले लाकूड वर्ज्य समजावे.

ई) वेग : मिनिटाला १४४० फेरे घेणाऱ्या मोटारीवर पुलींचे प्रमाण एकास दोन असेल तर स्पिंडलला ७२० फेरे मिळतात. मधली पुली असलेल्या मशीनमध्ये असे दोन टप्पे घेतल्यास हा वेग ३६० पर्यंत खाली येतो. येरवडा चरख्यातील युक्तीचाच हा उलटा उपयोग होय : तेथे दोन टप्प्यांनी गती वाढते, येथे ती घटते. २५ मि.मी. व्यासाच्या लाकडाचा पृष्ठवेग ७२० फेऱ्यांना मिनिटाला सुमारे ५७ मीटर असतो. लेथच्या मानाने तो कमी आहे. त्यामुळे काम संथ होते व पृष्ठभाग किंचित खडबडीत राहतो; पण प्रारंभी हाच वेग योग्य होय. लाकूड पूर्ण गोल झाल्यावरच १४४० पर्यंत जावे.

उ) टेकू व हत्यार : लाकडाचा समोरचा पृष्ठभाग उजवीकडून डावीकडे सरकत असल्याने तो हत्याराला डावीकडे ढकलतो. म्हणून टेकू हत्याराच्या डाव्या बाजूस उभा हवा. फळीला पक्का जोडलेला लोखंडी अँगल त्यासाठी पुरतो. लेथवर हत्यार आडव्या टेकूवर विसावते आणि जोर खाली जातो. येथे तो बाजूला जातो, म्हणून मनगटाला नव्याने सवय करावी लागते. पटाशी लाकडात रुतण्याचा धोका असल्याने विद्यार्थ्यांना केवळ जाड दातांची कानस, नंतर बारीक कानस व शेवटी पॉलिश पेपर एवढेच द्यावे. पॉलिश पेपर बोटाभोवती कधीही गुंडाळू नये. पेपर लावताना टेकू दूर करावा आणि त्यापूर्वी मशीन पूर्ण थांबवावे.

ऊ) दक्षता : हातमोजे, ओढणी, सैल बाह्या व मोकळे केस यांना मज्जाव असावा. चष्मा व धुळीसाठी मुखपट्टी अनिवार्य करावी. चकची किल्ली काढल्याची खात्री दुसऱ्या व्यक्तीने करावी. मशीन सुरू करण्यापूर्वी लाकूड हाताने एक पूर्ण फेरा फिरवून पाहावे आणि पहिल्या क्षणी सर्वांनी बाजूला उभे राहावे.

७. निरीक्षणे व मर्यादा
वरील पद्धतीने सागवानाची मूठ व चातीची पुली तयार झाली. आधार अक्षात आणण्याची रीत साधेपर्यंत दोन तुकडे वाया गेले. मुठीचा आकार मूळ मुठीशी जुळला. पुलीची खाच मात्र पहिल्या वेळी किंचित तिरकी आली व दोरी उतरू लागली; पातळ गोल कानस टेकूवर नेमकी आडवी धरल्यावर ती सुधारली. आज तो चरखा फिरतो आणि त्यावर सूत निघते.

या अनुभवावरून मर्यादा ठरविता येतात. व्यास ५० मि.मी. व लांबी १५० मि.मी. यांच्या आतील कामच हाती घ्यावे. मूठ, खुंटी, पुली, भोवरा अशा वस्तू शक्य आहेत. वाटी, ताट किंवा टेबलाचा पाय शक्य नाही. वाटीसाठी खालचे टोक मोकळे ठेवावे लागते, आणि आधार गेला की सुरक्षितताही जाते. दीर्घकाळ असे काम केल्यास स्पिंडल व नळीची झीज होऊन मशीन अचूक छिद्रे पाडण्याच्या मूळ कामास निरुपयोगी होऊ शकते. ज्या विभागाकडे एकच ड्रिल मशीन आहे त्याने हा तोटा आधीच हिशेबात धरावा.

८. निष्कर्ष :
१) ड्रिल मशीन हा लेथचा पर्याय नसून लहान कामापुरती सोय आहे.
२) खालच्या टोकाचा फिरता आधार ही या कामाची अट आहे; ती पूर्ण होत नसेल तर काम करू नये.
३) कमी वेग, अष्टकोनी तयारी व कानशीचा वापर यांनी धोका घटतो, नाहीसा होत नाही.
४) बल, आघूर्ण, केंद्रोत्सारी जोर व गतीचे गुणोत्तर या संकल्पना एकाच प्रात्यक्षिकात शिकविता येत असल्याने त्याचे शैक्षणिक मूल्य मोठे आहे.
५) कौशल्य अभ्यासक्रमात कातकामाचा समावेश करणाऱ्या महाविद्यालयाने लहान लाकूडलेथची तरतूद करणे हेच उचित होय.

९. समारोप :
साधनांच्या अभावातही यंत्र सुधारता येते, हे येरवडा चरख्याने दाखविले आहे. परंतु त्या चरख्यात काटकसर आकाराची होती, आधाराची नव्हती. चाती तेथेही दोन ठिकाणी पेललेली होती. आपल्या कर्मशाळांनीही हाच विवेक पाळावा. लेथ नाही म्हणून विद्यार्थ्याचे शिकणे अडू नये, हे खरेच. पण ते अडू नये म्हणून त्याचा हात धोक्यात जाता कामा नये.