पायाला प्लास्टर असेल, तर सिगारेट बंद!

मुंबईतल्या राजावाडी किंवा कूपर रुग्णालयात हाडाचं ऑपरेशन ठरलं की भूलतज्ज्ञ हमखास विचारतात, 'विडी-सिगारेट ओढता का?' या प्रश्नाचं खरं उत्तर द्या. निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकसतात. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या ऑक्सिजनची जागा बळकावतो. त्यामुळे जखम चिघळण्याचा आणि हाड उशिरा जुळण्याचा धोका वाढतो. निकोटिन चघळायच्या तंबाखूतही असतं, म्हणून सिगारेट सोडून गुटखा धरू नका.

ऑपरेशनच्या निदान चार आठवडे आधी सिगारेट सोडावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. अपघाती फ्रॅक्चरमध्ये तेवढा वेळ मिळत नाही. तरी त्याच दिवसापासून थांबा. कार्बन मोनॉक्साइड साधारण दिवसभरात बराच उतरतो.

प्लास्टर घालून अंधेरी-मुलुंडहून सिगारेट सोडण्याच्या समुपदेशनाला जाणं अवघड. मदत घरबसल्या मिळते: तंबाखू सोडण्यासाठीची राष्ट्रीय क्विटलाइन १८००-११-२३५६ निःशुल्क आहे आणि परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय तिच्या केंद्रांपैकी एक आहे. ०११-२२९०१७०१ वर मिस्ड कॉल दिला की मोबाइलवर मार्गदर्शनाचे संदेश येतात.

तलफ काही मिनिटांत ओसरते; तेवढा वेळ पाणी प्या, कुणाशी तरी बोला. निकोटिनचं च्युइंगगम मात्र डॉक्टरांना विचारूनच घ्या. घरच्यांनीही टपरीवरून पाकीट आणून देऊ नये.