खेळून झाल्यावर थांबणारी मुले

नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ सालच्या एका पावसाळी दिवशी, झोपडपट्टीतील काही पोरे एक फुटकी प्लास्टिकची बादली लाथांनी इकडून तिकडे उडवीत भर पावसात खेळत असल्याचे पाहिले आणि तेथून पुढे त्यांच्या आयुष्याची दिशाच पालटली, ही हकीकत आजवर इतक्या मुखांनी सांगितली गेली आहे, की तिला हळूहळू आख्यायिकेचे रूप येऊ लागले आहे. आख्यायिकेचा एक दोष असा, की ती आरंभाला अवास्तव महत्त्व देते आणि त्यानंतरच्या कंटाळवाण्या वर्षांना एका वाक्यात निकालात काढते. बादली पाहणारे पुष्कळ असतात. दुसऱ्या दिवशी चेंडू घेऊन येणारे थोडे. आणि तिसऱ्या महिन्यात, मुलांची संख्या रोडावलेली असताना व मैदानाच्या मालकीविषयी कुरकुर सुरू झालेली असताना, त्याच वेळी त्याच ठिकाणी पुन्हा हजर राहणारे अगदीच विरळा.

जोवर ही मुले खेळत असतात तोवर ती व्यसनांपासून आणि भानगडींपासून दूर राहतात, एवढ्या साध्या निरीक्षणावर बारसे यांनी आपला उद्योग उभारला आणि नागपुरातील वस्त्यांसाठी पहिली स्पर्धा पुकारली, तेव्हा तीत १२८ संघ उतरले. हा आकडा नुसता कौतुकाने वाचून पुढे जाण्यासारखा नाही. १२८ संघ बाद पद्धतीने खेळवावयाचे म्हटले तरी विजेता ठरेपर्यंत १२७ सामने भरवावे लागतात. प्रत्येक सामन्याला शिट्टी घेतलेला पंच हवा, चुन्याने आखलेल्या रेषा हव्यात, पिण्याचे पाणी हवे, हरलेल्या संघाची समजूत काढणारा कोणी वडीलधारा हवा, आणि या सर्वांचा मेहनताना द्यावयाला तिजोरीत छदाम नसला, की हे सारे घडवून आणणारी माणसे केवळ ओळखीच्या व आस्थेच्या बळावर गोळा करावी लागतात. ‘झोपडपट्टी फुटबॉल’ हे त्या उपक्रमाचे आरंभीचे नाव कित्येकांच्या कानांना खटकले. परंतु ज्या गोष्टीला जगाने हिणवले तीच नावाच्या पाटीवर लावण्यात एक प्रकारचा ताठ कणा आहे, असे मला वाटते. पुढे ‘स्लम सॉकर’ हे नाव रूढ झाले आणि क्रीडा विकास संस्था, नागपूर, या छत्राखाली कारभाराला रीतसर स्वरूप आले. बारसे यांनी निवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या रकमेतून शहराबाहेर जमीन घेतली, आणि अमेरिकेत असलेले त्यांचे पुत्र अभिजित हे परत येऊन या कामात पडले.

यानंतरच्या मानसन्मानांची जंत्री द्यावयाची तर ती सहज देता येईल: २०१४ साली ‘सत्यमेव जयते’ या दूरदर्शन मालिकेतून हे काम घरोघर पोहोचले, २०१६ साली फिफाचे विविधता पारितोषिक मिळाले, आणि ४ मार्च २०२२ रोजी नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ पडद्यावर आला, ज्यात बारसे यांच्यावर बेतलेली भूमिका अमिताभ बच्चन यांनी केली. चित्रपटाचे मोल मी कमी लेखीत नाही. नागपुरातील गड्डीगोदामसारख्या वस्तीतील पोरांना थेट नायकाच्या जागी आणून उभे करणे ही मराठी दिग्दर्शकाने हिंदी पडद्यावर केलेली मोठीच कामगिरी होय. तथापि कथेच्या सोयीसाठी का होईना, अशा चित्रणात सारा भार एका वत्सल गुरुजींच्या खांद्यावर येऊन पडतो, आणि संस्थेची खरी वाढ ज्या क्षणी झाली तो क्षण निसटतो. तो क्षण म्हणजे, माझ्या समजुतीप्रमाणे, काल खेळावयाला आलेला मुलगा आज शिकवावयाला थांबला तो.

याचे नमुनेदार उदाहरण अखिलेश पॉल यांचे आहे. गुन्हेगारीच्या वाटेवरून आपण फुटबॉलमुळे परतलो, हे त्यांनी स्वतःच जाहीरपणे सांगितले आहे. २०१० साली रिओ दी जानेरो येथे भरलेल्या बेघरांच्या विश्वचषक स्पर्धेत, म्हणजे ‘होमलेस वर्ल्ड कप’मध्ये, ते भारतीय संघाचे कर्णधार होते, आणि त्यानंतर ते प्रशिक्षक म्हणून वस्तीतल्या मुलांकडे वळले. या स्पर्धेची रचना मुद्दाम सांगण्याजोगी आहे. तिची कल्पना नागपुरात बादलीचा प्रसंग घडला त्याच साली, २००१ मध्ये, स्कॉटलंडचे मेल यंग आणि ऑस्ट्रियाचे हॅराल्ड श्मिड यांना सुचली आणि पहिली स्पर्धा २००३ साली ऑस्ट्रियातील ग्राझ येथे झाली. मैदान अवघे २२ मीटर लांब व १६ मीटर रुंद, चहूबाजूंनी फळ्या ठोकलेले. एकेका बाजूला गोलरक्षक धरून चारच खेळाडू. आणि दोन्ही डाव सात-सात मिनिटांचे, म्हणजे चहाला आधण येईपर्यंत अर्धा सामना आटोपलेला. पण सर्वांत मार्मिक नियम हा, की एका खेळाडूला या स्पर्धेत जन्मात एकदाच भाग घेता येतो. प्रथमदर्शनी हा नियम कठोर वाटतो. तथापि त्याचा परिणाम असा होतो, की देशाचा रंग अंगावर चढवून परतलेल्या तरुणाला पुन्हा तेथे जाण्याची आशाच उरत नाही, आणि मैदानाशी नाते राखावयाचे असेल तर दुसऱ्या कोणाला तरी तेथवर पोहोचविण्याचा मार्गच तेवढा मोकळा राहतो. स्वयंसेवक कसा निर्माण करावा याचे इतके चतुर उत्तर एखाद्या नियमावलीत क्वचितच सापडेल.

नागपूरला ही माणसे घडवून घ्यावी लागली. कोल्हापूरला ती आयती मिळाली होती. छत्रपती शाहू महाराजांच्या कारकीर्दीत, ज्यांनी १९१२ साली खासबागेचे कुस्तीचे मैदान उभारले, पेठापेठांतून तालमी भरभराटीस आल्या. पुढे तालमीच्या हौद्यातील तांबडी माती हळूहळू ओस पडली, तरी तालीम ही संस्था ओस पडली नाही, आणि तिच्याच छपराखाली फुटबॉल वाढला. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम: ही नावे कुस्तीची आणि खेळ चेंडूचा, असा तेथील गमतीदार व्यवहार आहे. जी तालीम गणेशोत्सवाची वर्गणी काढते, मोहरमात पंजे बसविते आणि लग्नकार्याला सतरंज्या पुरविते, तीच मुलांना बूट घेऊन देते आणि कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या लीगमध्ये, शाहू स्टेडियमवर, आपला संघ उतरविते. पेठेचा अभिमान ही त्या खेळाची ताकद तशीच खोडही. समर्थकांच्या हाणामाऱ्या आणि त्यापायी लागणारा पोलिसांचा बंदोबस्त कोल्हापूरकरांना नवा नाही, आणि पेठेच्या इभ्रतीपायी परदेशी खेळाडू पैसे मोजून आणण्याची चढाओढ लागली की पेठेतल्याच पोराला बाकावर बसावे लागते, ही तक्रारही तितकीच जुनी आहे. तरीही याच शहराचा, एका रिक्षाचालकाचा मुलगा अनिकेत जाधव २०१७ साली भारतात भरलेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळला.

हे सर्व मी कारेगावात बसून लिहीत आहे, जेथे पेठ नाही आणि चेंडूशी नाते असलेली तालीमही नाही. पुण्याहून नगरकडे जाताना रांजणगावच्या महागणपतीच्या पुढे लागणारे हे शिरूर तालुक्यातील गाव औद्योगिक वसाहतीच्या कुशीत वाढले. जेथे ज्वारी-बाजरीची शेते होती तेथे कारखाने आले, आणि त्यांच्यामागोमाग विदर्भ-मराठवाड्यापासून बिहार-उत्तर प्रदेशापर्यंतची माणसे खोल्या भाड्याने घेऊन राहू लागली. अशा ठिकाणी मुलांचे मंडळ काढावयाचे मनात आले, तर पैशांची अडचण सर्वांत मोठी असेल असे वाटते. वस्तुतः ती सर्वांत लहान आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यान्वये ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात, आणि त्या कामांच्या यादीत ग्रामीण व राष्ट्रीय मान्यताप्राप्त खेळांच्या प्रशिक्षणाचा समावेश आहे. एक नीटनेटका अर्ज, मागील जमाखर्च आणि ग्रामपंचायतीचा मैदानाबाबतचा ठराव एवढे दप्तर हाती असले, की चेंडू, जाळ्या आणि गणवेश यांची तजवीज होऊ शकते.

खरी अडचण भाडेकराराची आहे. खोलीचा करार ११ महिन्यांचा. ठेकेदार बदलला, पाळी बदलली, की कुटुंब चाकणला किंवा वाघोलीला बिऱ्हाड हलविते, आणि पोरगा डाव्या पायाने चेंडू मारावयाला शिकतो न शिकतो तोच त्याचे नाव शाळेच्या पटावरून कमी होते. नागपूरच्या वस्तीत माणसे दरिद्री होती, पण ती तेथेच होती. म्हणून काल खेळलेला मुलगा आज शिकवावयाला सापडला. येथे तो सापडावयाचा तर तो जुन्या कारेगावकरांच्या, शेते विकून खोल्या बांधलेल्या घरांतूनच निघाला पाहिजे, कारण राहणारा तोच आहे. घरमालकाच्या मुलाने भाडेकरूच्या मुलाला बूट कसे बांधावेत हे शिकवावे, आणि तो निघून गेल्यावर त्याच्या जागी आलेल्या नव्या मुलाला पुन्हा पहिल्यापासून शिकवावे, ही अपेक्षा गावकीच्या प्रचलित वहिवाटीशी फारशी जुळणारी नाही, हे मला ठाऊक आहे. परंतु चेंडूला नेहमीच बावीस पाय कमी पडतात, आणि गावच्या पोरांना गावच्याच पोरांशी किती दिवस खेळावेसे वाटेल हा प्रश्न पालकांपेक्षा पोरेच लवकर सोडवितील असा माझा अंदाज आहे.