तीन अक्षरं, साठ हजार शब्द

इंग्रजीतला सर्वांत लांब शब्द कोणता, हा शाळेतला आवडता प्रश्न. फळाभर पसरणारं एखाद्या रोगाचं नाव कुणीतरी धडाधडा म्हणून दाखवायचं आणि वर्ग गार व्हायचा. कोशकाराला मात्र अशा शब्दाची धास्ती नसते. त्याला अर्थ एकच, दोन ओळींत तो निकालात निघतो. घाम फोडतात ते 'सेट', 'पुट', 'रन' असले किरकोळ दिसणारे शब्द. १९८९ साली 'ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी'ची दुसरी आवृत्ती वीस खंडांत निघाली. तिच्यातली सर्वांत मोठी नोंद होती 'सेट' या क्रियापदाची, सुमारे साठ हजार शब्दांची. नुसत्या क्रियापदाचे ४३० अर्थ, वाक्प्रयोग धरले तर ५८०च्या घरात. एवढ्या मजकुरात एक बेताची कादंबरी होते.

'सेट' म्हणजे काय, असं एका दमात विचारलं तर इंग्रजही अडखळेल. याचं मराठी करायला बसलं की खरी गंमत कळते. गजर लावायचा, सापळा लावायचा, कवितेला चाल लावायची, घराला आग लावायची. परीक्षेचा पेपर काढायचा, हिरा कोंदणात जडवायचा, जेवणाची पानं मांडायची, छापखान्यात खिळे जुळवायचे, चोरावर कुत्रं सोडायचं. ओतलेलं सिमेंट धरलं तरी 'सेट' आणि सूर्य मावळला तरी 'सेट'च. कोर्टाने खालच्या कोर्टाचा निकाल रद्दबातल ठरवला, तरी पुढे 'असाइड' जोडून तेच क्रियापद.

या पसाऱ्याच्या मुळाशी एक साधी गोष्ट आहे. जुन्या इंग्रजीत 'सिट्टन' म्हणजे बसणं आणि त्याचं प्रयोजक रूप 'सेट्टन' म्हणजे बसवणं. 'सिट'चा 'सेट' झाला तो आपल्या 'बसणे'वरून 'बसवणे' होतं त्याच चालीने. संस्कृतातला 'सद्' धातू याच कुळातला. 'संसद', 'परिषद', 'उपनिषद' हे शब्द त्याच्यापासून झाले. आपलं 'बसणे' मात्र 'उपविश्'वरून 'बैसणे' होत आलं. घराणं वेगळं, तरी वळण तेच. हाडवैद्य हाड बसवतो, दिग्दर्शक नाटक बसवतो, भाद्रपदात आपण गणपती बसवतो, विस्कटलेल्या संसाराची घडी बसवतो. आणि नुसतं 'बसणे' घेतलं तर घसा बसतो, धंदा बसतो, धक्का बसतो, विश्वास बसतो, खरेदीला पाचशे रुपये बसतात. यातलं खुर्चीत बसण्यासारखं काय आहे? आपण मात्र हे सगळं न अडखळता बोलतो.

आता चहाचा सेट, दागिन्यांचा सेट, गणितातला सेट. क्रमिक पुस्तकात त्याला 'संच' म्हणतात. हे नाम त्या क्रियापदाचं सख्खं नव्हे. ते लॅटिन 'सेक्टा'वरून, जुन्या फ्रेंचमधून आलं. मूळ अर्थ मागोमाग जाणाऱ्यांचा गट, पंथ. त्याच्या मुळाचा संस्कृतातला भाऊबंद 'सच्', म्हणजे सोबत असणं; त्यावरून आपला 'सचिव'. म्हणजे मंत्रालयातले सचिव आणि पुढ्यातल्या ट्रेवरचा टी-सेट हे दूरचे नातेवाईक निघाले! पुढे क्रियापदाची आणि नामाची इंग्रजीत इतकी सरमिसळ झाली की बोलणाऱ्याला ती वेगळी वाटत नाहीत.

एवढे अर्थ वेगळे काढायचे कसे? लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीने या कोशाचा विचार १८५७मध्ये सुरू केला. योगायोग असा, की मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची सुधारलेली दुसरी आवृत्ती मुंबईत त्याच वर्षी निघाली. १८७९मध्ये जेम्स मरे यांनी ऑक्सफर्डचं काम अंगावर घेतलं. घराच्या आवारात पत्र्याची शेड, तिच्या भिंतींना कबुतरखान्यासारखे हजारावर कप्पे. जगभरातले वाचक पुस्तकं वाचून तळहाताएवढ्या चिठ्ठ्या पाठवत: वर शब्द, मग सन, लेखक, ग्रंथ, पान आणि शब्द ज्यात आला ते पूर्ण वाक्य. या चिठ्ठ्या लावायला मरे यांची मुलं खाऊच्या पैशांवर राबायची. अर्थ आधी ठरवून त्याला उदाहरण शोधायचं नाही. चिठ्ठ्या टेबलावर पसरायच्या, सारख्या वापराची एकेक थप्पी करायची, थप्पी पडेल तो अर्थ. 'सेट'ची नोंद मरे यांचे सहसंपादक हेन्री ब्रॅडली यांच्या वाट्याच्या खंडात आली; तो खंड १९१४मध्ये पुरा झाला. मरे १९१५मध्ये गेले. सबंध कोश संपायला १९२८ उजाडलं. त्यात अवतरणं होती अठरा लाखांवर.

'सेट'चं पहिलं स्थान पुढे गेलं. तिसऱ्या आवृत्तीसाठी नोंदी नव्याने तपासताना २००० साली 'मेक'ने त्याला मागे टाकलं, २००७मध्ये 'पुट'ने आणि २०११मध्ये 'रन'ने. 'रन'च्या क्रियापदाचे ६४५ अर्थ निघाले. संपादक पीटर गिलिव्हर यांचे नऊ महिने त्यात गेले. लेखक सायमन विंचेस्टर यांनी याचं बरंच श्रेय यंत्रयुगाला दिलं. इंजिनं, गिरण्या, आगगाड्या, पुढे संगणकाचे प्रोग्रॅम, सगळं इंग्रजीत 'पळू' लागलं. मराठीत यातलं बहुतेक 'चालतं': घड्याळ चालतं, गिरणी चालते, दुकान चालतं, सरकारही चालतं. आपल्या 'चालेल' या एका शब्दातली संमती, तडजोड आणि नाराजी वेगळी करायला कुणा गिलिव्हरला बसवलं, तर नऊ महिने पुरायचे नाहीत.

मराठीने 'सेट' उचलला आणि त्यालाही कामाला लावलं. प्राध्यापकीसाठी 'नेट-सेट' आहे, पण ते आद्याक्षरांचं, तो योगायोग. उडुप्याकडचा 'सेट डोसा' दोन-तीन डोसे एकत्र मिळतात म्हणून सेट. पोरगा पुण्यात 'सेट' झाला, म्हणजे नोकरी आणि फ्लॅट दोन्ही आलं. 'सेटिंग' मात्र अस्सल आपल्याकडची करामत. आतून संधान बांधून काम करून घेणं, हा अर्थ लंडनच्या माणसाला समजावून सांगावा लागेल. भाषाशुद्धीवाले नाक मुरडतील. माझ्या मते असा शब्द मराठी कोशात सन्मानाने यायला हवा.

दाते-कर्वे मंडळींच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'चे सात खंड १९३२ ते १९३८ या काळात निघाले. जुन्या ग्रंथांतली अवतरणं त्यांनी कष्टाने दिली. त्यानंतरची मराठी वर्तमानपत्रांत, मासिकांत, नाटकांच्या संहितांत पडून आहे. तेव्हा जुने अंक रद्दीत घालण्याआधी चाळा. 'सेटिंग', 'लागणे', 'बसणे' यांचा वेगळा वापर दिसला, तर वाक्य, नियतकालिकाचं नाव, तारीख आणि पान एका चिठ्ठीवर लिहून ठेवा. तारीख मात्र विसरू नका. तिच्यावाचून ती चिठ्ठी कोशकाराच्या फारशी कामाची नाही.