सैतानाची साक्ष

लुदाँ हे पश्चिम फ्रान्समधलं तटबंदीचं छोटं शहर. १६३२ साली तिथे प्लेग आला, आणि साथ ओसरत असतानाच उर्सुलाइन नन्सच्या मठात रात्री-अपरात्री भलतेसलते प्रकार सुरू झाले. आधी सावल्या दिसू लागल्या, मग आवाज आले, मग नन्सची अंगं पिळवटू लागली आणि तोंडून अभद्र शिव्या बाहेर पडू लागल्या. मठाची प्रमुख झान देझांज तेव्हा तिशीची होती. खांद्यात बाक, बुद्धी मात्र तल्लख. तिच्या अंगात सात सैतान असल्याचं ठरलं. अस्मोदेउस, लेव्हियाथन, बेहेमोथ ही त्यांतलीच नावं. हे सैतान पाठवणारा कोण, या प्रश्नावर तिच्या तोंडून एकच नाव आलं: उर्बें ग्रांदिए.

ग्रांदिए त्याच शहरातला धर्मगुरू. देखणा, फर्डा वक्ता, बायकांच्या भानगडींमुळे बदनाम. पाद्रींच्या ब्रह्मचर्याविरुद्ध त्याने निबंध लिहिला होता. झानने त्याला मठाचा आध्यात्मिक मार्गदर्शक होण्याची विनंती केली होती, ती त्याने नाकारली. शहराचा तट पाडायलाही त्याचा विरोध होता. पॅरिसमध्ये राजाचा मुख्यमंत्री कार्डिनल रिशल्यू याला तो तट जमीनदोस्त हवा होता, आणि त्या कामावर आलेला अधिकारी लोबारदमाँ झानचा नातेवाईक निघाला. पुढचं सगळं या माणसाच्या हातात गेलं.

सैतान उतरवण्याचे विधी चर्चमध्ये, भर गर्दीत चालत. दूरदूरहून लोक बघायला येत. विधी करणाऱ्या पाद्रींचा दावा असा, की देवाच्या नावाने बांधलेला सैतान खोटं बोलूच शकत नाही. म्हणजे ननच्या तोंडून निघालेला आरोप थेट पुरावा झाला. सैतानाशी ग्रांदिएने केलेला म्हणे एक करारही हजर करण्यात आला. लॅटिनमध्ये, उलट्या अक्षरांत लिहिलेला, खाली सैतानांच्या सह्या. तो कागद आजही पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे.

या कथेतला माझ्या मते सर्वांत भयानक प्रसंग सैतानाचा नाहीच. ग्रांदिएवर चेटकाचा खटला चालू असताना झान अंगावर नुसता सदरा, गळ्यात दोर आणि हातात मेणबत्ती अशी मठाच्या अंगणात येऊन उभी राहिली आणि एका निरपराध माणसावर आपण खोटा आळ घेतला असं तिने सांगितलं. दुसऱ्या एका ननने चर्चमध्येच आरोप मागे घेतला. त्यावर उत्तर तयार होतं: ही सैतानाचीच चाल, त्याला आपल्या माणसाला वाचवायचं आहे. आळ घेताना जो खरं बोलत होता, तो आळ मागे घेताना खोटारडा ठरला. या बायकांना खरं बोलायला जागाच उरली नव्हती. १८ ऑगस्ट १६३४ रोजी, पाय ठेचून झाल्यावरही कबुली न देणाऱ्या ग्रांदिएला जिवंत जाळलं.

आणि सैतान गेले नाहीत! चेटूक करणारा राख झाला तरी मठातले विधी आणखी काही वर्षं चालूच राहिले. डिसेंबर १६३४ मध्ये स्यूरँ नावाचा जेझुइट धर्मगुरू आला. त्याने तमाशा बाजूला ठेवून झानला प्रार्थनेची सवय लावायचा प्रयत्न केला, तिच्यातला सैतान माझ्यात यावा अशी देवाकडे याचना केली, आणि मग स्वतःच अनेक वर्षं बोलण्या-लिहिण्यापलीकडे खचला. सैतान बाहेर पडताना झानच्या डाव्या हातावर येशू, मारिया, जोसेफ ही नावं लाल अक्षरांत उमटवून गेले, अशी ख्याती झाली. १६३८ मध्ये तिने फ्रान्सभर यात्रा केली, राजाराणीने आणि रिशल्यूने तो हात पाहिला, रस्त्यात लोकांची झुंबड उडाली. १६४५ मध्ये मोंकोनी हा प्रवासी लुदाँला आला. हात बघता बघता त्याने नखाने हलकेच खरवडलं, तर मारियाच्या नावातल्या पहिल्या अक्षराचा एक तुकडा निघून आला.

पण तिला नुसती ढोंगी म्हणणं मला पटत नाही. १६४४ मध्ये लिहिलेल्या आत्मकथेत ती कबूल करते, की आपल्या विकारांचं मूळ बहुतेक वेळा आपणच होतो. आपण वाट दिली तेवढंच सैतानाने केलं. हात दाखवून पूजा घेणारी बाई आणि ही कबुली लिहिणारी बाई एकच होती. ती १६६५ च्या जानेवारीत वारली, स्यूरँ त्याच वर्षीच्या वसंतात. आत्मकथा छापून आली १८८६ मध्ये, मज्जाविकारतज्ज्ञ डॉक्टर शार्को यांच्या शिष्यांकडून, उन्मादाचा नमुना म्हणून. सैतानाच्या जागी रोग आला, आणि तिने स्वतःबद्दल काढलेला निष्कर्ष याही वेळी लक्षणांच्या यादीत गेला.